साक्षीदाराला पाणी

भांडण सुरू झालं ते खुर्चीवरून.

साहेबांचा पाय कापायचा की नाही याचा निकाल द्यायला न्यायाधीश घरी येणार होत्या, आणि साहेबांची दोन्ही मुलं, दादा आणि धाकटी, त्यांना बसायला काय द्यायचं यावर अडून बसली होती. या घराची रीतच ती. मोठ्या गोष्टीवर इथं कुणी सरळ भांडत नसे. हाताला येईल ती बारीक गोष्ट धरायची, सगळा राग तिच्यावर काढायचा आणि मोठी गोष्ट कोपऱ्यात तशीच उभी ठेवायची.

"मोठी खुर्ची द्यायची," दादा म्हणाला. सकाळपासून त्यानं वकिलीचा काळा कोट अंगावरून उतरवला नव्हता आणि घामानं तो निथळत होता. "कोर्ट आहे ते. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर कुणी कोर्ट बसवतं का?"

"साहेबांनी बसवलं होतं," धाकटी म्हणाली. "शिवणवालीच्या निकालात स्पष्ट आहे. ज्याचं ऐकायचं त्याच्यापेक्षा न्यायाधीशानं खाली बसावं. तू वकील ना? की नुसता कोटच?"

"तो निकाल तू मला शिकवू नकोस. मला पाठ आहे."

"पाठ आहे हे माहीत आहे. म्हणूनच म्हणते."

दादाची बायको आतून स्टूल घेऊन आली आणि तिनं ते दोघांच्या मधोमध ठेवलं. "हे घ्या," वहिनी म्हणाली. "आणि हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

साहेब खिडकीजवळच्या आरामखुर्चीत होत्या. उजवा पाय समोर उशीवर, त्यावर धुतलेली चादर. चादरीखाली बोटं काळी पडली होती आणि काळेपणा रोज थोडा थोडा वर सरकत होता. खिडक्या सताड उघड्या होत्या, फरशी फिनेलनं पुसली होती, तरी वास होताच. भेटायला आलेला माणूस आधी वास आलाच नाही असं दाखवी, मग घड्याळाकडे बघे आणि मग त्याला काहीतरी काम आठवे. सर्जननं आडपडदा ठेवला नव्हता. पाय गुडघ्याखाली काढला तर साहेब अजून काही वर्षं काढतील, नाही काढला तर हा महिना कठीण आहे. आणि साहेब 'नको' म्हणाल्या होत्या. ज्यांना आज काय वार आहे ते सांगता येत नाही त्यांचा नकार नकार मानायचा का, एवढाच प्रश्न होता.

साहेब हे लाडाचं नाव नव्हतं. त्या कोर्टातली पहिली बाई न्यायाधीश म्हणून त्या खुर्चीवर बसल्या तेव्हा पट्टेवाल्यांची पंचाईत झाली. बाईला म्हणायचं काय? कुणी 'बाई' म्हणून पाहिलं, कुणी 'ताई'. त्यांनी सांगितलं, खुर्ची तीच आहे, शब्दही तोच राहू द्या. त्याआधी वकिलीत त्यांनी काय काय सोसलं ते घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. वकिलांच्या खोलीत त्यांना जागा नव्हती, म्हणून जुन्या कागदपत्रांच्या खोलीत उभ्यानं डबा खायचा. पक्षकार येत आणि त्यांनाच टायपिस्ट समजून विचारत, "वकीलसाहेब कधी यायचे?" त्या "आलेत, बसा" म्हणत आणि समोर बसत. पुढे मुलं झाली. शाळा सुटली की दोघं आईच्या चेंबरमध्ये येऊन बसत, आणि कोर्ट चालू असताना 'आई' अशी हाक मारायची नाही असा नियम होता. मुलांनी तो घरीही पाळला, आधी चिडवायला म्हणून, नंतर सवयीनं. त्यामुळे या घरात एक चमत्कारिक भाषा बोलली जाई. 'साहेब, तू जेवलीस का?' ऐकणाऱ्याला हसू येई. धाकटीला हल्ली येत नसे.

"मावशी कुठे आहे?" दादानं विचारलं.

"मागच्या गॅलरीत. तुझ्या बाजूनं बोलायचं ना तिला, तयारी करत असेल."

"माझी बाजू, तुझी बाजू असं काही नाही यात."

"आहे की. पाय काढायच्या अर्जावर आपण तिघांनी सह्या केल्या होत्या. तू, मी, वहिनी. परवा तू उलटलास."

दादानं कोटाच्या बाह्या सारख्या केल्या. परवा जेवताना त्यानं हातातला घास ताटात ठेवला होता आणि म्हणाला होता, "मी माझी सही मागे घेतो. मी साहेबांच्या बाजूनं उभा राहणार." सगळ्यांना वाटलं, चेष्टा करतोय. आयुष्यभर लोक त्याला 'साहेबांचा मुलगा' म्हणत आले. आईपुढे त्याला कधी वकिली करता आली नाही, कायद्यात बसत नव्हतं ते, आणि दुसऱ्या न्यायाधीशांपुढे केली ती काही फार चालली नाही. आता या वयात त्याला मनासारखी पक्षकार मिळाली होती, आणि तीही अशी की 'मला तुम्ही वकील नकोत' असं म्हणू शकणार नाही. असं धाकटीनं त्याला तोंडावर सुनावलंही होतं.

वहिनीनं मात्र सही मागे घेतली नव्हती. नवरा-बायको परवापासून एकमेकांशी फक्त चहा, चावी आणि गाडी एवढंच बोलत होते.

"मी एकच विचारते," वहिनी आता म्हणाली, नवऱ्याकडे न बघता, स्टुलावरची धूळ पुसत. "जखम धुताना एकदा तरी खोलीत थांबलात? त्या ओरडतात तेव्हा तुम्ही बाहेर फोनवर असता. मग त्यांच्या शब्दाला जपायला येता."

"शब्दाला जपलं नाही तर राहतं काय तिचं?" दादा म्हणाला. "बाकी सगळं तर गेलंच आहे. वेड्यांच्या इस्पितळांची कुलपं काढायला लावली त्या बाईनं. तिथल्या एकेका माणसाशेजारी बसून विचारलं, तुझं म्हणणं काय? आणि तिच्या घरात तिचं म्हणणं आपण फिरवायचं?"

"म्हणणं असायला माणूस तर पाहिजे," वहिनी म्हणाली.

मावशी गॅलरीच्या दारात येऊन उभी होती. साहेबांची धाकटी बहीण, जन्मभर सरकारी इस्पितळात नर्स. पाय कापलेली माणसं तिनं शेकड्यांनी पाहिली होती, जगलेली आणि न जगलेली. शिवणवाली ज्या वॉर्डात होती तो वॉर्डही तिचाच. शिवणवालीनं ऑपरेशन नको म्हटलं, घरच्यांनी अर्ज केला, आणि साहेब स्वतः जाऊन खाटेशेजारी स्टुलावर दुपारभर बसल्या. बाई हजर आहे, तिला सगळं कळतंय, तिचा नकार तिचा आहे, असा निकाल दिला. पंधरवड्यात बाई गेली. वर्तमानपत्रांनी झोडपलं, आणि ही सख्खी बहीण सणावारालाही त्यांच्या घरी फिरकेनाशी झाली होती. सगळ्यांना वाटलं होतं मावशी कापण्याच्याच बाजूनं असणार.

"मावशी, तू याच्या बाजूनं कशी? सांग तरी," धाकटी म्हणाली.

"काय सांगू? ती शिवणवाली गेली तेव्हा तिच्या तोंडावर काय होतं ते मी पाहिलंय. चिडलेली होते म्हणून तेव्हा कुणाला सांगितलं नाही." मावशी तिथंच टेकली. "शांत होती ग. घाबरलेली नव्हती. एवढंच सांगते."

धाकटीला एकदम एकटं वाटलं. वहिनी होती बाजूला, पण वहिनीला झोप हवी होती, ओरडणं थांबायला हवं होतं, आणि त्यात काही गैर नव्हतं. धाकटीला मात्र माणूस हवं होतं. लग्न केलं नाही, चष्म्याचं दुकान चालवलं, आणि दुकान बंद करून रोज या घरी आली. घरी आली की साहेब विचारत, "आज किती जण आंधळे झाले?" आता तेही विचारत नसत. ओळखतच नसत, बहुतेक दिवशी. कधी तिला नर्स समजत, कधी कारकून. तरी दार उघडलं की खिडकीशी कुणीतरी असे. ती खुर्ची रिकामी झाली तर आपण दार कशासाठी उघडायचं, हे तिला कळत नव्हतं. पाय गेला तर गेला. पायाशी कोण बोलतं?

आणि एक गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती.

सर्जननं इस्पितळात पायाचं सांगितलं तेव्हा खोलीत ती आणि साहेबच होत्या. सर्जन बोलून थांबला. साहेबांनी त्याला विचारलं, "तुम्ही मला विचारताय की सांगताय?" तो गडबडला, म्हणाला, विचारतोय. "मग नको," साहेब म्हणाल्या. सर्जनला त्यात विशेष काही वाटलं नाही, असे रुग्ण काहीही बोलतात. तो बाहेर गेला. आणि मग साहेबांनी धाकटीकडे पाहिलं, नर्सकडे बघतात तसं नाही, कारकुनाकडे बघतात तसंही नाही. तिचं घरातलं, लहानपणीचं नाव घेतलं. "रडू नकोस," म्हणाल्या. "तू रडलीस की सगळे माझा नकार होकार समजतील. पाय घालवून या खुर्चीत आणखी कशाची वाट बघू? मी हजर आहे. विचारलं कुणी तर सांग, त्या दिवशी साहेब हजर होत्या." मग बाहेर बघत बसल्या, आणि थोड्या वेळानं विचारलं, "तुम्ही कोणत्या खात्याच्या?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी ती आठवण झाली होती. धाकटी ती कुणाला देत नव्हती आणि स्वतःजवळही ठेववत नव्हती.

न्यायाधीश आल्या त्या गाडी गल्लीच्या तोंडाशी सोडून, पायी. बरोबर एक म्हातारा पट्टेवाला. या बाई एके काळी साहेबांच्या हाताखाली वकिली शिकल्या होत्या, याच घरात बसून त्यांनी कागद वाचले होते आणि घरात त्यांना अजून 'ज्युनिअर'च म्हणत. हे प्रकरण आपल्याकडे नको असं त्यांनी सुरुवातीला सांगून पाहिलं होतं. पण साहेबांच्या हाताखालून न गेलेला न्यायाधीश त्या कोर्टात शोधायचा कुठे?

दारातच त्यांना वास लागला. त्यांनी नाकाला रुमाल लावला नाही. दादाला नमस्कार केला, मावशीच्या पाया पडल्या, आणि काही न विचारता स्टूल ओढून साहेबांच्या समोर, त्यांच्यापेक्षा खाली बसल्या. दादानं नजर खाली केली.

खिडकीच्या कट्ट्यावर पाण्याचा भरलेला ग्लास झाकून ठेवला होता. ज्युनिअरचं लक्ष तिकडे गेलं आणि त्या जराशा हसल्या. "अजून ठेवता?"

"अजून," वहिनी म्हणाली. "स्वतः पीत नाहीत. पण नसला की अस्वस्थ होतात."

त्या ग्लासाची गोष्ट त्या कोर्टात जुन्या माणसांना ठाऊक होती. साहेब साक्षीदारावर कधी आवाज चढवत नसत. खोटं बोलणाऱ्याचा घसा आधी कोरडा पडतो, असं त्यांचं म्हणणं. शपथ घेऊन माणूस खोटं बोलू लागला की त्या थोडं ऐकत आणि मग हळूच म्हणत, "साक्षीदाराला पाणी द्या." बस. कोर्टभर सगळ्यांना कळे. काही जण पाणी पिऊन खरं बोलून टाकत. घरीही तेच. डब्यातली बिस्किटं कुणी खाल्ली, शाळेतून चिठ्ठी आली ती कुठे गेली, 'माहीत नाही' असं उत्तर आलं की साहेब वर न बघता म्हणत, "पाणी द्या रे तिला." धाकटीनं लहानपणी त्या पाण्याचे कितीतरी ग्लास रिचवले होते.

साहेबांनी डोळे उघडले.

"साहेब, मला ओळखलंत?" ज्युनिअरनी विचारलं.

साहेबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तारीख मागायला आला असाल. मिळणार नाही. या प्रकरणात आधीच खूप तारखा झाल्यात."

दादाला हसू फुटलं आणि ते त्यानं खोकल्यात लपवलं.

"नाही, तारीख नको. हे घर कुणाचं आहे, साहेब?"

"सरकारी आहे. गळतं. लिहून कळवलंय."

"आणि पायाला काय झालंय?"

"कुणाच्या?"

चादरीखालचा पाय हलला आणि साहेबांच्या चेहऱ्यावरून कळ गेली, पण ती आपली आहे असं त्यांना वाटलं नसावं. त्या ताठ बसल्या. पदर सारखा केला. खोलीतल्या माणसांवरून त्यांनी नजर फिरवली, दादाच्या काळ्या कोटावर ती थांबली आणि एकदम त्यांचा चेहरा बदलला. गेल्या कित्येक महिन्यांत धाकटीनं तो चेहरा पाहिला नव्हता.

"वकील हजर आहेत," त्या म्हणाल्या. "पक्षकार कुठे आहे?"

दादानं ज्युनिअरकडे पाहिलं.

"तिच्याकडे काय बघता? मी विचारतेय. प्रकरण ऑपरेशनचं आहे ना? मग जिचा पाय आहे ती बाई कुठे आहे? तिला ऐकल्याशिवाय मी निकाल देत नाही, हे तुम्हाला माहीत नाही? पुकारा करा."

पट्टेवाला दारात अवघडून उभा होता. जन्मभर त्यानं याच बाईच्या कोर्टाबाहेर उभं राहून पुकारा केला होता, आणि नोकरीची शेवटची काही वर्षं आता ज्युनिअरकडे काढत होता. त्यानं ज्युनिअरकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. तो उंबऱ्याबाहेर गेला, जिन्याकडे तोंड केलं आणि कोर्टात ओरडतात तसा ओरडला. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. "हजर आहेत काऽऽ?"

त्या घरात ते नाव कित्येक वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. धाकटीला क्षणभर कळलंच नाही की ते आपल्या आईचं आहे. वरच्या मजल्यावरचं दार उघडल्याचा आवाज आला आणि पुन्हा लागल्याचा. पट्टेवाल्यानं दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारताना त्याचा आवाज फाटला.

साहेब कान देऊन ऐकत होत्या. जिन्यात पावलं वाजतात का, हे बघत होत्या.

"गैरहजर," शेवटी त्या म्हणाल्या. "लिहून घ्या." मग जरा खालच्या आवाजात, ज्युनिअरकडे झुकून, "घरच्यांनी कळवलंच नसेल तिला. बायकांच्या बाबतीत हे असंच होतं. अर्ज घरच्यांचाच असतो ना."

मावशी तोंडाला पदर लावून रडू लागली. वहिनी भिंतीकडे वळली. ज्युनिअर बराच वेळ कागदावर काही लिहीत होत्या, बहुधा काहीच लिहीत नव्हत्या. आज साहेब हजर नाहीत, यावर आता वाद घालण्यासारखं काही उरलं नव्हतं. धाकटीला वाटलं, संपलं. मिळालं आपल्याला. आणि त्याचा आनंद कुठे शोधावा हे तिला समजेना.

तेवढ्यात दादा उभा राहिला.

"मला दोन शब्द बोलायचे आहेत," तो म्हणाला. त्यानं कोटाची बटणं लावली आणि हात मागे बांधले. "आज पक्षकार गैरहजर आहे हे मला मान्य आहे. साहेबांनीच सांगितलं, मी काय वेगळं सांगणार? पण शिवणवालीच्या निकालातलं शेवटचं वाक्य वाचावं. माणूस झोपला म्हणून त्याचा नकार झोपत नाही. ज्या दिवशी नको म्हटलं त्या दिवशी माणूस हजर होतं का, एवढंच बघायचं. असेल, तर पुढे शुद्ध हरपली, विसर पडला, तरी तो नकार उभा राहतो. म्हणून आज काय ते विचारू नका. त्या दिवशीचं विचारा."

साहेब त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. "बरं बोलतात हे," त्या शेजारी कुणाला तरी म्हणाल्या. "कुणाकडे होते?"

दादाचा चेहरा धाकटीला बघवला नाही. जन्मभर ज्या एका वाक्यासाठी तो झुरला ते त्याला आज मिळालं होतं, आणि तो कोण आहे हे माहीत नसलेल्या बाईकडून.

"त्या दिवशी खोलीत कोण होतं?" ज्युनिअरनी विचारलं.

"सर्जन. त्यांनी लेखी दिलंय, की रुग्णाला समजत होतं की नाही हे सांगता येत नाही. आणि," दादा थांबला, "माझी बहीण."

सगळे तिच्याकडे वळले. ज्युनिअरनी तिला समोर बोलावलं आणि शपथ दिली. ती शपथ धाकटीनं लहानपणी चेंबरच्या दाराआडून इतक्यांदा ऐकली होती की शब्द आपोआप तोंडातून बाहेर पडले.

"तुम्ही मुलगी म्हणून बोलू नका," ज्युनिअर म्हणाल्या. त्या आज पहिल्यांदाच तिला 'तुम्ही' म्हणत होत्या. "पाहिलंत तेवढंच सांगा. नको म्हणाल्या तेव्हा साहेब हजर होत्या?"

खिडकीतून उन्हाची तिरीप साहेबांच्या मांडीवर पडली होती. हात वाळून काडीसारखे झाले होते. धाकटीला तिचं लहानपणीचं नाव त्या आवाजात पुन्हा ऐकू आलं. हो म्हटलं तर हे हात महिन्याभरात नसणार. एका शब्दाचं काम होतं.

"नाही," ती म्हणाली. "नव्हत्या. त्या दिवशीही त्यांना काही कळत नव्हतं. मला नर्स समजत होत्या. पूर्ण वेळ."

ती भरभर बोलली. दुकानात गाडीच्या परवान्यासाठी डोळे तपासायला येणारी माणसं अक्षरांचा तक्ता पाठ करून येतात आणि शेवटची ओळ अशीच धडाधड म्हणून टाकतात. खरंच दिसणारा माणूस अडखळतो, डोळे बारीक करतो. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

ज्युनिअरनी लिहायला सुरुवात केली. पेनाचा आवाज तेवढा येत होता.

"साक्षीदाराला पाणी द्या," साहेब म्हणाल्या.

अगदी हळू म्हणाल्या, नेहमी म्हणत तशाच. पेन थांबलं. वहिनीचा हात गळ्याशी गेला. मावशीचं रडणं बंद झालं. पट्टेवाल्याला सवयीनं दोन पावलं पुढे यायची घाई झाली आणि तो मध्येच थबकला. त्या खोलीतल्या प्रत्येकाला त्या तीन शब्दांचा अर्थ माहीत होता. साहेबांना तो अजून माहीत होता का, की जीभच जुन्या वाटेनं गेली, हे कुणी सांगू शकलं नसतं.

ज्युनिअरनी मान वर केली नाही. "पाणी हवंय तुम्हाला?" त्यांनी कागदाला विचारलं.

धाकटीची जीभ टाळूला चिकटली होती. "नको," ती म्हणाली. "तहान नाही मला."

"उलटतपासणी?" ज्युनिअरनी दादाला विचारलं.

दादा अजून उभाच होता. प्रकरण त्याच्या हातात होतं. दोन प्रश्न विचारले असते तर ती कोसळली असती, हे त्याला कळत होतं आणि तिलाही. लहानपणी साहेबांनी पाणी मागवलं की हाच धावत जाऊन ग्लास भरून आणायचा आणि तिच्यापुढे धरून दात काढायचा. तो तिच्या कोरड्या ओठांकडे बघत राहिला. मग त्यानं कोटाची बटणं एकेक करून सोडली.

"नाही," तो म्हणाला. "मला काही विचारायचं नाही." आणि भिंतीला टेकून खाली बसला, जमिनीवर.

ज्युनिअरनी उरलेल्या ओळी लिहिल्या. परवानगी दिली. साक्षीबद्दल त्यांनी काय लिहिलं ते कुणी विचारलं नाही. सही करताना त्यांनी एकदा डोळे मिटले, एवढं धाकटीला दिसलं. सकाळी इस्पितळाची गाडी येईल, असं त्या मावशीला म्हणाल्या, आणि उठल्या. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाकडे बघून काय बोलायचं?

धाकटी होती तिथंच उभी होती. साहेबांनी कट्ट्यावरचा ग्लास उचलला. झाकण घसरून खाली पडलं आणि फरशीवर गरगरत गेलं. दोन्ही हातांत ग्लास धरून त्यांनी तो तिच्यापुढे केला. पाणी चादरीवर सांडत होतं, पायावर सांडत होतं.

"घ्या, बाई," साहेब म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तो कधीच नसे. "साक्ष देणं सोपं नसतं. सगळ्यांचं असंच होतं. घरचं कुणी आलंय का तुमच्याबरोबर?"

धाकटी गुडघ्यांवर बसली. त्यामुळे ती त्यांच्यापेक्षा खाली आली.

"आई आली आहे," ती म्हणाली.

"मग घाबरायचं कशाला?" साहेब म्हणाल्या.

धाकटीनं ग्लास घेतला. उंबऱ्यात चपला घालणाऱ्या ज्युनिअरनी मागे वळून पाहिलं आणि चटकन तोंड फिरवलं. धाकटी तळ दिसेपर्यंत पाणी प्यायली.